शब्दचर्चा : जहाज फुटले, बुडाले की कलंडले?

प्रश्न (देवगडहून)

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत बुडालेल्या जहाजांच्या इतिहासावर आमच्या वाचनालयाच्या वार्षिकांकासाठी एक लेख लिहीत आहे. माहिती जमली आहे. अडचण शब्दांची आहे. इंग्रजीतील 'शिपरेक' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. जहाजावर ओढवलेला प्रसंग हाही शिपरेक, आणि त्यानंतर तळाशी पडून राहिलेली वस्तू हीही शिपरेकच. पहिल्या अर्थासाठी आपल्याकडे 'तारू फुटणे', 'जहाज फुटणे' आणि ग्रांथिक 'नौकाभंग' आहेत. दुसऱ्या अर्थासाठी वृत्तपत्रे 'सांगाडा' किंवा 'अवशेष' लिहितात, पण मला ते पटत नाहीत.

लेखात मुख्य उदाहरणे चार आहेत : 1679 मध्ये कातड्यांचा माल घेऊन निघालेले आणि पुन्हा न दिसलेले फ्रेंच शोधक ला साल यांचे 'ग्रिफाँ', 1860 मध्ये मिशिगन सरोवरात रात्री एका शिडाच्या जहाजाची धडक बसून गेलेली 'लेडी एल्गिन', 1915 मध्ये शिकागो शहरात धक्क्यालाच आडवी झालेली 'ईस्टलँड', आणि 1975 मध्ये सुपीरियर सरोवरात गेलेले 'एडमंड फिट्झजेराल्ड'. या चौघांनाही 'नौकाभंग' म्हणावे काय? शिवाय 'सरोवर' म्हटले की आपल्या वाचकाच्या मनात कमळांचे तळे उभे राहते. तेथे जहाज फुटते हे त्याला खरे कसे वाटावे?

उत्तर (मालवणहून)

चारही प्रसंगांना एकच शब्द लावू नये, असे माझे मत आहे. दर्यावरचा प्रसंग नामाने सांगण्याची आपल्या लोकांची रीत नाही. तो क्रियापदाने सांगितला जातो, आणि प्रसंग कसा घडला हे त्या क्रियापदातच येऊन जाते. गलबत खडपावर आपटून त्याच्या फळ्या उकलल्या म्हणजे ते 'फुटते', वाळूच्या दांड्यावर चढून बसले म्हणजे 'रुतते', पाणी भरून खाली गेले म्हणजे 'बुडते', कुशीवर पडले म्हणजे 'कलंडते' आणि तळ वर आला म्हणजे 'पालथे होते'. 'लागणे' या क्रियापदाची तर गंमतच आहे. गलबत बंदराला लागले म्हणजे सुखरूप पोहोचले, आणि तेच गलबत खडकाला लागले म्हणजे संपले.

म्हणून क्रियापद निवडणे म्हणजे कारण सांगणे होय, आणि आपल्या लेखात याची सर्वांत मोठी कसोटी 'फिट्झजेराल्ड'ची आहे. 222 मीटर लांबीचे हे जहाज लोहखनिजाच्या 26 हजार टनांहून अधिक गोळ्या घेऊन निघाले होते. 10 नोव्हेंबर 1975 च्या रात्री ते वादळात नाहीसे झाले. त्यावरील 29 जणांपैकी एकही वाचला नाही. पुढे ते सुमारे 160 मीटर खोलीवर दोन तुकड्यांत पडलेले आढळले. तुकडे दोन आहेत म्हणून 'जहाज फुटले' असे लिहिण्याचा मोह होईल. परंतु ते पाण्याच्या पृष्ठभागावरच दुभंगले की खाली जाताना तळावर आदळून दुभंगले, याविषयी एकमत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या चौकशीने मालाच्या कोठ्यांची झाकणे पाणी रोखू शकली नाहीत आणि पाणी आत भरत गेले, असा निष्कर्ष काढला. जहाजकंपन्यांच्या संघटनेला तो मान्य नव्हता. कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकाळ भागावर जहाजाचा तळ घासला असावा, असे तिचे म्हणणे होते. अशा वेळी 'खडकाला लागून फुटले' असे लिहिणारा लेखक नकळत एका पक्षाची साक्ष देऊन बसतो. 'बुडाले' एवढे मात्र दोन्ही पक्षांना कबूल आहे, म्हणून येथे तेच लिहावे.

'ग्रिफाँ'विषयी 'बुडाले' हेसुद्धा मी लिहिणार नाही. ते सापडल्याचे दावे अनेकदा झाले, पण सर्वांना मान्य होईल असा शोध लागलेला नाही. तेव्हा 'बेपत्ता झाले'. 'लेडी एल्गिन'ला मात्र 'फुटली' शोभते, कारण धडकेनंतर तिचा वरचा भाग सुटा होऊन त्याचे तुकडे तरंगत राहिले, आणि त्या तुकड्यांना धरून किनाऱ्यापर्यंत आलेली कितीतरी माणसे शेवटी किनाऱ्याच्या फुटत्या लाटांत गेली. मृतांची संख्या सुमारे 300 होती.

जाता जाता एक विनंती. 'जहाजाला जलसमाधी मिळाली' हा वृत्तपत्री प्रयोग लेखात कृपया येऊ देऊ नये. समाधी स्वेच्छेने घ्यायची असते, आणि ती घेणाऱ्याचा अधिकारही तसाच असावा लागतो. झाकण गळके होते किंवा माणसे जास्त कोंबली होती म्हणून बुडालेल्या जहाजाला समाधी मिळाली असे म्हणणे म्हणजे चौकशीच्या कागदावर हळदकुंकू वाहणे आहे.

उत्तर (अलिबागहून)

'ईस्टलँड'साठी 'कलंडली' हाच शब्द योग्य आहे, आणि रायगड जिल्ह्यातील वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ पावसाळी तुफानात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. येथील घराघरांत हा प्रसंग 'रामदास बुडाली' असाच सांगितला जातो. 'फुटली' असे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही, खडकाचे नाव प्रत्येक वेळी निघत असूनही.

'ईस्टलँड'चा प्रसंग 24 जुलै 1915 चा आहे. एका कारखान्याच्या कामगारांची सहल निघायची होती आणि अडीच हजारांवर माणसे चढलेली होती. मुळात ही बोट वरच्या अंगाला जड होती. त्यातच 'टायटॅनिक'नंतरच्या नव्या नियमांमुळे तिच्यावर जादा जीवरक्षक होड्या चढवल्या होत्या, म्हणजे जीव वाचवण्याच्या साधनांनीच तिचा तोल आणखी बिघडवला. धक्क्यापासून हाताच्या अंतरावर, जेमतेम 6 मीटर पाण्यात ती कुशीवर पडली आणि 844 माणसे मेली. बोटीची एक बाजू पाण्याच्या वरच होती, तेव्हा पूर्ण अर्थाने 'बुडाली' असेही म्हणता येत नाही. पुढे ती उभी करून 'विल्मेट' या नावाने अमेरिकी नौदलात वापरली गेली. काटेकोरपणे पाहिल्यास हा प्रसंग सरोवरातला नसून शिकागो नदीतला आहे. बोट मात्र सरोवरात फेऱ्या करणारी होती, एवढा खुलासा लेखात असावा.

आणखी एक मुद्दा. आपण सर्वत्र 'जहाज' लिहीत आहात. कोकणात मुंबईला जाणाऱ्या मोठ्या आगबोटीला कोणी जहाज म्हटले नाही. 'बोटीने गेलो', 'बोट चुकली', 'बोट लागते' हीच आपली भाषा. महासरोवरांवरचे खलाशीही आपल्या दोनशे-तीनशे मीटर लांबीच्या खनिजवाहू जहाजांना 'बोट'च म्हणतात आणि कोणी 'शिप' म्हटले की तो बाहेरचा आहे हे ओळखतात. योगायोगाने जुळलेला हा शब्द आपण का सोडावा?

उत्तर (रत्नागिरीहून)

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे तळाशी राहिलेल्या वस्तूच्या नावाकडे, अद्याप कोणी वळलेले नाही. 'सांगाडा' हा शब्द आपल्या समुद्राच्या अनुभवातून आला आहे आणि आपल्या समुद्रापुरता तो खराही आहे. खाऱ्या आणि उबदार पाण्यात लाकूड पोखरणारा जीव असतो. त्याला किडा म्हणत असले तरी तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. त्याच्या भीतीने आपल्याकडे गलबताच्या तळाला तेल आणि चुना चढवत असत. बुडालेल्या लाकडी गलबताचे काही वर्षांतच फार थोडे उरते. गाळात पुरलेला भाग, नांगर, तोफा, दगडी भार. त्याला सांगाडा म्हणणे हीसुद्धा कधीकधी अतिशयोक्ती होते.

महासरोवरांचे पाणी गोडे आहे आणि खोलवर ते बाराही महिने अतिशय थंड असते. हा पोखरणारा जीव तेथे नाही. त्यामुळे तळाशी जे असते ते बहुधा सबंध जहाज असते. 'हॅमिल्टन' आणि 'स्कर्ज' ही दोन युद्धनौकांत रूपांतरित केलेली शिडाची जहाजे 8 ऑगस्ट 1813 रोजी अचानक आलेल्या वाऱ्याच्या झोताने ओंटारियो सरोवरात बुडाली. सुमारे 90 मीटर खोलीवर ती आजही तळावर सरळ बसलेली आहेत, आणि त्यांच्या नाळेवरच्या कोरीव मूर्तीही शाबूत आहेत. नाताळची झाडे घेऊन शिकागोला निघालेले 'राऊस सिमन्स' नोव्हेंबर 1912 मध्ये मिशिगन सरोवरात बुडाले. 1971 मध्ये पाणबुड्याला ते सापडले तेव्हा झाडे कोठ्यात रचलेली होती. याला सांगाडा कसा म्हणणार? 'अवशेष'ही म्हणवत नाही, कारण अवशेष म्हणजे बाकीचे गेल्यावर उरलेले, आणि येथे गेलेले फारसे काही नाही.

माझी सूचना 'बुडीत जहाज' अशी आहे. 'बुडीत' हे विशेषण आपल्या वापरात आहे. धरणाखाली गेलेल्या गावांच्या भागाला आपण 'बुडीत क्षेत्र' म्हणतो, आणि त्या गावांची देवळे, विहिरी, पार पाण्याखाली जागच्या जागी असतात हेही आपल्याला ठाऊक आहे. 'बुडीत कर्ज' या प्रयोगामुळे शब्दाला परत न मिळण्याची छटा आली आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला येथे उपकारकच वाटतो. 'ॲल्विन क्लार्क' नावाचे 1864 मध्ये ग्रीन बे उपसागरात बुडालेले शिडाचे जहाज 1969 मध्ये वर काढले, तेव्हा ते थक्क करण्याइतके शाबूत होते. शंभरांहून अधिक वर्षे गारठ्यात टिकलेले लाकूड हवेत आल्यावर सुकले, तडकले, कुजत गेले. राखण्यासाठी लागणारा पैसा उभा राहिला नाही आणि 1994 मध्ये ते मोडून टाकावे लागले. सांगाडा हा शब्द या जहाजाला लागू झालाच असेल तर वर काढल्यानंतर.

अलीकडे चित्र पालटत आहे, हेही लेखात यावे. 1980 च्या दशकात परदेशी जहाजांच्या तोलपाण्यातून, म्हणजे तोल राखण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून, तेथे आलेले झेब्रा आणि क्वागा जातींचे शिंपले आता बुडीत जहाजांवर थरांवर थर चढवत आहेत. त्यांनी पाणी गाळून स्वच्छ केल्यामुळे जहाजे पूर्वीपेक्षा चांगली दिसतात, आणि त्यांच्याच भाराने ती खचत आहेत.

उत्तर (वेंगुर्ल्याहून)

'सरोवर' या शब्दाची अडचण शब्द बदलून सुटणार नाही, मापे देऊन सुटेल. एकटे सुपीरियर सरोवर सुमारे 82 हजार चौरस किलोमीटरचे आहे; पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा सगळा कोकण विभाग त्यात दोनदा मावून वर जागा उरेल. 'समुद्र' लिहू नये, कारण फरक महत्त्वाचा आहे. समुद्राची लाट लांब असते आणि जहाज तिच्यावर चढते-उतरते. सरोवरात लाटा आखूड, उभ्या आणि एकीमागून एक येतात. वादळ अंगावर घेत मोकळ्या पाण्यात निघून जावे, तर थोड्या वेळात समोरचा किनारा येतो. शिवाय गोडे पाणी हलके असल्याने तेवढाच माल भरलेले जहाज त्यात अधिक खोल बसते. जहाज कोठवर पाण्यात बसू द्यावे हे दाखवणाऱ्या, कुशीवरील भाररेषांत गोड्या पाण्याची खूण वेगळी असते ती यामुळेच.

आपल्या लेखात आपण 'आगोट' हा शब्द जरूर वापरावा. पावसाळ्याच्या तोंडाशी, गलबते वर ओढून शाकारण्यापूर्वी, शेवटची एक फेरी पदरात पाडून घ्यावी म्हणून आपल्याकडील तांडेल जी जोखीम घेत, तीच जोखीम तेथे नोव्हेंबरमध्ये घेतली जाते. हिवाळ्यात पाणी गोठते आणि जलद्वारे बंद होतात, त्याआधीची फेरी सर्वांनाच हवी असते, आणि नेमकी त्याच महिन्यात कॅनडाकडची थंड हवा अजून उबदार असलेल्या पाण्यावर येऊन वादळे उठवते. 1913 च्या नोव्हेंबरमधील वादळात चार दिवसांत बारा जहाजे गेली आणि अडीचशेच्या आसपास माणसे मेली. त्यांतील 'चार्ल्स प्राइस' हे जहाज ह्यूरन सरोवरात तळ वर करून तरंगताना आढळले आणि ते कोणते हे कळायला पाणबुड्याला खाली उतरावे लागले. मालवणकरांनी सांगितलेल्या 'पालथे होणे' याचे याहून चोख उदाहरण मिळणार नाही. 'राऊस सिमन्स' आणि 'फिट्झजेराल्ड' हीही नोव्हेंबरचीच. ही सगळी तिकडची आगोट होय, फक्त पावसाऐवजी बर्फाची.

एक जोड. बुडालेल्या जहाजाचा धनी कोण, हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला जुना आहे. 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांशी जी बोलणी झाली, त्यांत फुटून किनाऱ्याला आलेल्या जहाजांचा माल परत मिळावा असे कलम इंग्रजांनी मांडले, तेव्हा असा माल राज्याचा होतो ही कोकणची जुनी चाल असल्याचे सांगून शिवाजी महाराजांच्या बाजूने हरकत घेण्यात आली होती. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने मालकाने सोडून दिलेली आणि राज्यांच्या तळजमिनीत रुतलेली बुडीत जहाजे त्या त्या राज्याच्या मालकीची ठरवली. मधली तीन शतके आणि दोन खंड ओलांडून तोडगा जवळपास तोच निघाला, याची मला मौज वाटते. या कलमासाठी मात्र 'बुडीत जहाज' चालणार नाही. किनाऱ्याला येऊन पडलेल्यासाठी 'फुटके गलबत' हेच ठेवावे.

प्रतिसाद (देवगडहून)

सर्वांचा आभारी आहे. 'नौकाभंग' शीर्षकापुरता ठेवतो. आत 'बेपत्ता झाले', 'फुटली', 'कलंडली' आणि 'बुडाले' अशी चार वेगळी क्रियापदे येतील, आणि तळाशी असलेल्यासाठी 'बुडीत जहाज'. 'सांगाडा' फक्त 'ॲल्विन क्लार्क'च्या परिच्छेदात राहील. अलिबागकरांच्या सूचनेप्रमाणे खनिजवाहूंना 'बोट' म्हणायचे झाले, तर 'फिट्झजेराल्ड बुडाले' की 'बुडाली'?

उत्तर (मालवणहून)

बोट म्हटलेत तर 'बुडाली'. दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात आणू नयेत, एवढे सांभाळावे.