न्यूरल नेटवर्क काँक्रीटची ताकद कायम कमीच सांगतंय, मदत हवी आहे

मंडळी, मी सिव्हिलवाला. क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) भरायचे आणि ते फोडून ताकद कळायला २८ दिवस वाट बघत बसायचं, त्यापेक्षा मिक्सवरूनच, म्हणजे घटकांच्या प्रमाणावरूनच, आकडा आधी कळेल का, म्हणून महिनाभर पायथॉनमध्ये न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून अंदाज बांधायला शिकणारा प्रोग्रॅम) शिकतोय. तैवानच्या आय-चेंग ये यांचा १९९८ चा प्रसिद्ध डेटा घेतलाय. १०३० ओळी आहेत. सिमेंट, स्लॅग (पोलाद भट्टीची मळी), फ्लाय ॲश (कोळशाची राख), पाणी, सुपरप्लास्टिसायझर (काँक्रीट पातळ ठेवणारं रसायन), खडी, वाळू आणि वय हे आठ इनपुट, उत्तर म्हणजे ताकद, एमपीए (मेगापास्कल) मध्ये.

सुरुवातीला कुठलंही मिक्स द्या, उत्तर ३५-३६. सिमेंट शेकड्यांत, सुपरप्लास्टिसायझर दोन-चार किलो. स्केलिंग करून सगळे एका मापात आणले तेव्हा कुठे नेटवर्क शिकायला लागलं. आता ६४-६४ न्यूरॉनचे दोन थर आहेत. ट्रेनिंगमध्ये सरासरी चूक २ एमपीए, बाजूला ठेवलेल्या २० टक्के ओळींवर ४. खुशीत साइटची १२ मिक्स टाकली, तर दरवेळी कमी! क्यूब ३८ ला फुटला, नेटवर्क म्हणतं ३०. एकदाही जास्त नाही. थर वाढवू का?

प्रतिसाद:
वाढवू नका, कमी करा. बायस (प्रत्येक न्यूरॉनचा जादा आकडा) धरून तुमच्या नेटवर्कमध्ये ४८०१ वजनं, म्हणजे शिकताना बदलणारे आकडे, आहेत आणि शिकायला ओळी ८२४. एवढ्यात ते पाठांतरच करणार. ८ न्यूरॉनचा एकच थर घेतलात तर ८१ वजनांत भागतं.

शिवाय त्या डेटात एकच मिक्स ३, ७, २८ अशा वेगवेगळ्या दिवसांना पुन्हा पुन्हा येतं. ओळी रँडम वाटल्या की ७ दिवसांची ट्रेनिंगला, २८ दिवसांची परीक्षेला. पेपर फुटलेलाच की! एका मिक्सच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला ठेवा. चूक ४ च्या वर जाईल, पण खरी असेल.

कायम कमी येण्याचा मात्र याच्याशी संबंध नाही. त्या डेटातली ताकद १५ सेंमी सिलिंडरच्या मापात आणलेली आहे, आपण १५० मिमीचे क्यूब फोडतो. सिलिंडरची ताकद साधारण क्यूबच्या ०.८ पट भरते. ३८ ला गुणून बघा.

धागाकर्ता:
३०.४. सिव्हिलवाला असून हे सुचू नये! सगळे क्यूब असेच गुणले, तर बारापैकी नऊ मिक्स २ एमपीएच्या आत बसली. उरलेल्या तिन्हींत नदीची वाळू नाही, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आहे. तो नववा इनपुट द्यायचा तर ओळी कुठून आणू?

प्रतिसाद:
साइट ऑफिसातलं क्यूब रजिस्टर काढा.