मदत हवी आहे: आओस्ता खोऱ्यातले किल्ले, दोन दिवस, कोणते बघू?

तुरीनवासी
नमस्कार मंडळी. आई-बाबा आलेत, त्यांना इटलीतल्या आओस्ता खोऱ्यातले किल्ले दाखवायचेत. हातात दोनच दिवस. यादी काढायला बसलो तर संपता संपेना. फेनिस, इसोन्य, व्हेरेस, बार्ड, सार, आयमाव्हिल, सां-पिएर... डोकं फिरलं. कोणते चार घेऊ आणि कुठल्या क्रमानं? तटबंदीची जुनी गावं असतील तर तीही सांगा, बाबांना त्यात जास्त रस. 'सगळेच छान आहेत' असं कृपया लिहू नका. आज रात्रीच बुकिंग करायचंय.

भटकभवानी
महिना कुठला? वार कुठले? निघणार कुठून? गाडी आहे का? आई-बाबांना चढ-उतार कितपत जमतो? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही, क्रम कसा सांगणार?

सह्यवेडा
इटलीत जाऊन किल्ले कसले दाखवताय राव. जुलै 2025 मध्ये आपले 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यातला साल्हेर किती जणांनी पाहिलाय, हात वर करा.

तुरीनवासी
@सह्यवेडा, साल्हेर बाबांनी पाहिलाय. यादीतले बाकीचेही बहुतेक. म्हणून तर हे दाखवायचंय.
@भटकभवानी, आयडीवरून कळतंय की कुठून निघणार. ऑक्टोबरचा शेवट, रविवार-सोमवार. गाडी भाड्यानं घेईन. चालायचा प्रश्न नाही.

भटकभवानी
सोमवार! हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरपासून लागतं आणि त्यात बहुतेक किल्ले सोमवारी बंद असतात. बार्डही बंद. दुपारी जेवणाच्या वेळेलाही दार लावतात. शनिवार-रविवार करा, नाहीतर सोमवारी बाबांना बाहेरून तटबंदी दाखवत फिराल.

काकासाहेब_ठाणे
माझं ऐका, त्या खोऱ्यात जाऊच नका. जिनिव्हाच्या तळ्याकाठी शिलाँचा किल्ला आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. स्वित्झर्लंडमध्ये सगळं घड्याळावर. आम्ही हिला घेऊन गेलो होतो, काडीचा त्रास झाला नाही. शिवाय चॉकलेट.

दोराकाठची
मी इव्रेआजवळ राहते, या खोऱ्यात येणं-जाणं असतं. मी असं करेन:

पहिला दिवस खालच्या अंगाचा. बार्ड, मग व्हेरेस, मग इसोन्य. व्हेरेस आणि इसोन्य नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, मध्ये फक्त दोरा बालतेआ. दोन्ही शालां घराण्याचे, पण स्वभाव अगदी उलटे. व्हेरेस इब्लेतो द शालांनं बांधून घेतला, दारावरच्या शिलालेखात 1390 साल आहे. खडकावर ठेवलेला दगडी घन, बाजू सुमारे 30 मीटर. आत चौकाच्या चारी भिंतींना धरून कमानींवर तोललेला दगडी जिना वर जातो. शोभेचं काही नाही. बाबांना हाच आवडेल.

इसोन्य बाहेरून अगदी साधा, वस्तीतलं एखादं मोठं घर वाटावं. आत गेलात की चौकात लोखंडी डाळिंबाचं झाड असलेलं कारंजं. घडीव लोखंडाचं झाड आणि फांद्यांतून पाणी. बारकाईनं बघा, फळं डाळिंबाची आणि पानं ओकची आहेत. ओसरीच्या कमानींखाली पाचशे वर्षांपूर्वीची दुकानं रंगवलीत: पाववाला, शिंपी, औषधं विकणारा, भाजीबाजार. आईंना इथून हलवावं लागेल.

दुसरा दिवस फेनिस आणि आओस्ता गाव. आओस्ताला रोमन तट अजून उभा आहे आणि मध्ययुगात त्याच तटाला चिकटवून बुरूज बांधलेत. इ.स.पू. 25 ची ऑगस्टसची कमान आहे. सार आणि सां-पिएर सोडा. सार म्हणजे राजाचा शिकारीचा बंगला, भिंतीभर आयबेक्सची (डोंगरी रानबकऱ्यांची) शिंगं.

बुरुजबंद
बार्ड मध्ययुगीन किल्ल्यांच्या यादीत कशासाठी? आज दिसतो तो 1830 ते 1838 मधला, तोही तोफांसाठी बांधलेला. मध्ययुगीन काही उरलंच नाही वर. मे 1800 मध्ये नेपोलियनचं सैन्य ग्रेट सेंट बर्नार्डचा घाट उतरून आलं आणि जेमतेम चारशे ऑस्ट्रियन शिपायांनी त्याला इथे दोन आठवडे अडवलं. चिडून त्यानं किल्ला जमीनदोस्त करवला. विषय संपला.

दोराकाठची
@बुरुजबंद, विषय संपला नाही. धागाकर्त्यांनी तटबंदीची गावंही विचारलीत. बार्डचं गाव किल्ल्याच्या पायथ्याशी एका अरुंद गल्लीत बसलंय, घरं पंधराव्या-सोळाव्या शतकातली. नेपोलियनच्या माणसांनी रात्री तोफा याच गल्लीतून काढल्या, चाकांना पेंढा गुंडाळून आणि रस्त्यावर शेण-पेंढा पसरून. वरून गोळीबार चालू असताना. त्या गल्लीत उभं राहून वर मान केली की किल्ला दिसतो आणि हे कसं जमवलं असेल ते कळतं. ज्यांना किल्ल्यांची आवड आहे त्यांनी हे बघू नये म्हणता?

बुरुजबंद
गाव बघा की, मी कुठे नको म्हटलं. वर जाऊन तिकीट काढून संग्रहालय बघण्यात अर्धा दिवस घालवू नका एवढंच. तो वेळ फेनिसला द्या.

सह्यवेडा
फेनिसचे फोटो बघितले आत्ता. दुहेरी तट, बुरूज, सगळं चित्रातल्यासारखं, पण सपाटीवर! ना कडा, ना नदीचं वळण, ना खिंड. हा लढणार कसा? दिसायला किल्ला आणि असायला वाडा.

बुरुजबंद
@सह्यवेडा, बरोबर पकडलंत. शालांच्या सरदारांनी राहण्या-मिरवण्यासाठी वाढवला तो. चौकात अर्धगोल पायऱ्या आहेत, त्यांच्या वर संत जॉर्ज ड्रॅगन मारतानाचं भित्तिचित्र. शिवाय पुढे पडझड होऊन त्याचं शेतघर झालं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आल्फ्रेदो द'आंद्रादेनं डागडुजी केली म्हणून आज असा दिसतो. तुमच्या रायगडावर कुणी असं हात फिरवून नीटनेटकं केलं असतं तर इथेच शंभर प्रतिसादांचा दंगा झाला असता.

सह्यवेडा
झालाच असता, आणि व्हायलाच हवा.

आरटीओ_एजंट_नाही
गाडीवर कुणीच बोललं नाही. @तुरीनवासी, लायसन्स भारतीय आहे का? आंतरराष्ट्रीय परवाना आहे? तिथे रहिवासी नोंदणी होऊन किती दिवस झाले?

तुरीनवासी
भारतीयच. परवाना आहे. नोंदणीला दीड वर्ष झालं असेल. त्याचा काय संबंध?

आरटीओ_एजंट_नाही
तोच तर संबंध. नोंदणीनंतर एक वर्षापर्यंतच बाहेरचं लायसन्स चालतं. पुढे इटलीची परीक्षा देऊन तिथलं काढावं लागतं, भारताशी अदलाबदलीचा करार नाही. भाड्यानं देणारा कदाचित गाडी देईलही. पण अपघात झाला तर विमावाला हात वर करेल, आणि मागच्या सीटवर आई-बाबा असतील.

तुरीनवासी
हे आधी कुणी सांगितलं नाही. मग रेल्वे. तुरीनवरून आओस्ता थेट आहे ना?

दोराकाठची
नाही. इव्रेआ ते आओस्ता मार्ग जानेवारी 2024 पासून विद्युतीकरणासाठी बंद केलाय, बदली बस धावतात. इव्रेआपर्यंत रेल्वे, पुढे बस. सुरू झाला का ते निघायच्या आदल्या दिवशी तपासा. व्हेरेसला उतरलात की किल्ला डोक्यावरच दिसतो. गाडी असो वा नसो, शेवटचा चढ पायीच. इसोन्य पुलापलीकडे, सपाट रस्ता. फेनिससाठी न्यूसला उतरा, तिथून जवळ आहे.

भटकभवानी
'चालायचा प्रश्न नाही' म्हणजे दोघांनाही ना?

तुरीनवासी
बाबांना नाही. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण ती घरात व्यवस्थित चालते.

भटकभवानी
अहो दादा!! घरात आणि व्हेरेसच्या चढावर यात फरक आहे. आत तो दगडी जिना वेगळाच. काकूंना इसोन्यला बसवा, बाबा-मुलगा व्हेरेस करून या. बार्डला काचेच्या लिफ्ट थेट वरपर्यंत जातात, म्हणजे बुरुजबंद काहीही म्हणोत, काकूंना किल्ला चढल्याचं समाधान तिथेच मिळेल. फेनिसलाही आत पायऱ्या आहेत, पण बाहेरचा तट आणि चौक बघितला तरी चालेल. गटानं आत सोडतात, वेळ आधी घेऊन ठेवा.

बुरुजबंद
बरं, लिफ्टसाठी बार्ड मान्य.

काकासाहेब_ठाणे
शिलाँला चढ नाही. पुन्हा सांगतो.

पुरणपोळी_मिलानो
जेवणाचं काय? काकू शाकाहारी असतील असं धरते. तिथे पोलेंता कॉन्चा मिळेल, मक्याच्या जाडसर पिठात लोणी आणि फोंतिना चीज ढवळून करतात, गरम गरम छान लागते. मात्र फोंतिनात वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असतं, चालत नसेल तर साधी पोलेंता मागा. आणि एक महत्त्वाचं: बार्ड आणि व्हेरेसच्या मध्ये अर्नाद गाव लागतं. तिथली प्रसिद्ध लार्ड पावावर पांढऱ्या, पातळ चकत्या ठेवून देतात. चीज समजून काकूंच्या ताटात वाढू नका. डुकराची चरबी आहे ती, रोझमेरी लावून मुरवलेली.

इतिहासाचा_विद्यार्थी
अवांतर: इसोन्यच्या भिंतींवर शेकडो वर्षांचं लिखाण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी, नोकरांनी, पाहुण्यांनी फ्रेंच आणि लॅटिनमध्ये टोकदार वस्तूंनी खरडलेलं. कोण आलं, कोण गेलं, पैशांचं रडगाणं, प्रेम. अभ्यासक ते वाचून त्या घराण्याचं रोजचं जगणं जुळवतात.

सह्यवेडा
म्हणजे लोहगडावर बदाम कोरणारे भावी इतिहासकारांची सोयच करताहेत म्हणा.

इतिहासाचा_विद्यार्थी
पाचशे वर्षं थांबा, मग ठरवू. तोपर्यंत दिसला तर कान धरा.

दोराकाठची
@तुरीनवासी, तुरीनला राहता तर 'आबोनामेंतो मुसेई' कार्ड आहे का? पिएमोन्ते आणि आओस्ता खोऱ्यासाठी वर्षाचं एकच असतं. तुमचं तिकीट वाचेल.

तुरीनवासी
कार्ड आहे! यावर चालेल हे माहीत नव्हतं. ठरलं: शनिवारी बार्ड (लिफ्टनं) आणि इसोन्य, मी आणि बाबा मध्ये पळत व्हेरेस. मुक्काम आओस्ता. रविवारी सकाळी तिथला रोमन तट, परतताना फेनिस. आईला लिफ्टचं सांगितलं तर म्हणाली, तुम्ही दोघं व्हेरेस करून या, मी त्या भाजीबाजाराच्या चित्रापाशी बसते. बाबा विचारताहेत व्हेरेसच्या भिंतींची जाडी किती.

बुरुजबंद
सुमारे अडीच मीटर. बाबांना माझा नमस्कार सांगा.

नवीन_सदस्य_88
छान धागा. मी डिसेंबरात पुण्याहून रोम-व्हेनिसला जाणार आहे, थर्मल कुठल्या दुकानात चांगले मिळतात?

काकासाहेब_ठाणे
@नवीन_सदस्य_88, रोम कशाला? विपू (खासगी निरोप) करतो.