ऑफिसचे मेसेज आणि आईचा फोन : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. राहते कळव्याला, नोकरी ऐरोलीत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली की दिघा गावनंतर लगेच ऐरोली, त्यामुळे प्रवासाची तक्रार नाही. त्रास घरी आल्यावर सुरू होतो. ऑफिसचा ग्रुप रात्री अकरापर्यंत वाजत असतो आणि साहेबांना लगेच उत्तर लागतं.

परवा कंटाळून फोन सायलेंट करून ओट्यावर पालथा ठेवला. पोळ्या झाल्यावर पाहिलं तर गावाहून आईचे चार मिस्ड कॉल. तिला चक्कर आली होती, शेजारच्या काकूंनी सावरलं. आता बरी आहे, पण माझ्या जिवाला लागलंय.

डू नॉट डिस्टर्बमध्ये आईचा नंबर स्टार करून ठेवलाय, तेवढं जमलं. व्हॉट्सअ‍ॅपवर 2023 पासून एकाच अँड्रॉइड फोनवर दोन खाती चालतात. मग कामासाठी वेगळं सिम घेऊन ते रात्री बंद ठेवावं का? कुणी केलंय असं? आणि खरी अडचण म्हणजे, आठनंतर उत्तर देणार नाही हे साहेबांना न दुखावता कसं सांगायचं? तुम्ही काय शब्द वापरलेत तेच लिहा, प्लीज.