मदत हवी आहे: पाळकांनी पुलपिटवरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) दुसऱ्या मंडळ्यांवर (चर्चवर) बोलावं का?

सलाम सगळ्यांना.

कोल्हापुरातल्या एका जुन्या मंडळीचा मी सभासद आहे, दोन वर्षं कमिटीवरही आहे. मंडळीचं नाव लिहीत नाही. ओळखलंत तरी इथं टाकू नका.

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्याचा बाप्तिस्मा झाला. सासूबाई उचगावहून आल्या होत्या. त्या तिकडच्या एका पेंटेकॉस्टल फेलोशिपला जातात. त्यांच्यात लहान बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात विश्वास ठेवून पाण्यात बुडून घ्यायचा. त्यामुळं येतील की नाही हीच धास्ती होती. आल्या, आमच्याबरोबर तिसऱ्या बाकावर बसल्या.

उपदेशाची सुरुवात छान झाली. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी, त्याच रात्री घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा, प्रेषितांची कृत्ये १६:३३. मग पाळकसाहेबांना काय लहर आली कुणास ठाऊक. म्हणाले, "पाण्यात डुंबून तारण होत असतं, तर पंचगंगेतल्या म्हशी आपल्या आधी स्वर्गात गेल्या असत्या."

सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. तेवढ्यात शेजारी चेन ओढल्याचा आवाज आला. सासूबाईंनी बायबलचं कव्हर बंद केलं होतं. उपदेश अजून निम्मा व्हायचा होता.

घरी जेवायला थांबल्या, पण पांढऱ्या रश्श्याची वाटी तशीच राहिली. जाताना बायकोला एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडं कोण असं बोलत नाही गं." (हे काही पूर्ण खरं नाही. त्यांच्या मीटिंगमध्ये 'मेलेल्या मंडळ्या' म्हणून आमचा उद्धार झालेला मी स्वतः ऐकलाय.)

चुकीच्या शिकवणीवर बोलूच नये, असं मी म्हणत नाही. प्रार्थनेचं तेल बाटलीत भरून विकणाऱ्यांवर पाळकांनी बोललंच पाहिजे. पौलानं हुमनाय आणि फिलेत यांची नावं घेतली, कारण पुनरुत्थान होऊन गेलं असं ते सांगत होते. केफाला (म्हणजे पेत्राला) तर अंत्युखियात तोंडावर सुनावलं. पण केफा समोर होता, त्याला उत्तर देता येत होतं. तिसऱ्या बाकावरच्या बाईनं काय करायचं?

पाळकांशी एकट्यानं बोलू की कमिटीत विषय काढू? मत्तय १८:१५ म्हणतं आधी एकांतात. पण अपराध माझ्याविरुद्ध झालाय की सासूबाईंविरुद्ध? कमिटीत आधीच दोन गट आहेत, त्यांना आयतंच निमित्त सापडेल.

रंकाळाकर: माझे वडील पाळक होते, म्हणून सांगतो. उपदेशाच्या टिपणात म्हैस नसणार. पहिल्या वाक्याला लोक हसले की जीभ सैल सुटते. एकटेच जा, पण रविवारी भक्तीनंतर दारात गाठू नका. बायबलमध्ये अक्विला आणि प्रिस्किल्लानं उपदेशक अपुल्लोसला घरी नेऊन समजावलं होतं, सभास्थानात उभं राहून नाही. आणि तुम्हीही हसला होता, हे आधी कबूल करा.

जुना सभासद: पाळकांची बाजूही बघा. आमच्याकडची चार घरं अशाच फेलोशिपकडं गेली. मेंढरं जाताना दिसली की मेंढपाळ ओरडणारच. फक्त ओरडायचं ते मुद्द्यावर. १८५२ ला कोल्हापुरात आलेल्या अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेबांचंही पुढं स्वतःच्याच मिशन बोर्डाशी शाळांवरून वाजलं. त्यांनी आपलं म्हणणं छापून मांडलं.

धागाकर्ता: काल संध्याकाळी जाऊन आलो. "मीही हसलो होतो" म्हटल्यावर पाळकसाहेब जरा मोकळे झाले. मग म्हणाले, "त्या तुमच्या सासूबाई होत्या होय?" बराच वेळ चहाच्या कपाकडं बघत बसले. नंबर मागून घेतलाय, उचगावला फोन करतो म्हणाले. अजून केलेला नाही. बायको म्हणते आठवण करू नकोस. करू का?