मदत हवी आहे: सीबीडी तेलाने पुतणीच्या फिट्स कमी झाल्या, पण दिवसभर झोप

उंबरठा:

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट लिहिला तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच मांडतो.

माझी पुतणी ९ वर्षांची, वजन २० किलो. तिला लेनॉक्स-गॅस्टॉ सिंड्रोम आहे, म्हणजे औषधांना सहसा दाद न देणारा मिरगीचा गंभीर प्रकार. फिट्स दोन-तीन प्रकारच्या येतात, त्यातली सगळ्यात वाईट म्हणजे उभ्याउभ्या कोसळण्याची. घरातसुद्धा डोक्यावर हेल्मेट असतं. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझम ही दोन औषधं बरीच वर्षं चालू आहेत. त्याआधीची तीन देऊन झाली, उपयोग नाही.

पाच आठवड्यांपूर्वी वहिनींच्या मावसभावाने तेलाच्या दोन बाटल्या आणून दिल्या, प्रत्येकी ३० मिली. वर मोठ्या अक्षरात 'हेम्प एक्स्ट्रॅक्ट १५०० मि.ग्रॅ.', खाली बारीक अक्षरात 'सीबीडीयुक्त'. हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड, सीबीडी हा त्यातला नशा न आणणारा घटक. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ५ थेंब दिवसातून दोनदा.

वहिनी एक वही ठेवतात. चार रकाने: तारीख, फिट्स, झोप, जेवण. फिट्सच्या रकान्यात उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. आत्ता ती वही समोर घेऊनच लिहितोय. पहिल्या दोन आठवड्यांत रेघा ३४ आणि ३१, म्हणजे फरक शून्य. मग मावसभाऊ म्हणाला, थेंबांनी काय होतंय, ड्रॉपर भरून द्या. तेव्हापासून १ मिली सकाळी, १ मिली रात्री. पुढचे तीन आठवडे: २२, २०, २१. इतक्या वर्षांत एवढ्या कमी कधीच नव्हत्या. दादा ते पान मला दाखवताना रडला.

पण शेजारचा झोपेचा रकाना मला खटकतोय. पूर्वी तिथे 'दुपारी १ तास' एवढंच असायचं. आता '११ ते ४', 'उठवून भरवलं', 'शाळेतून फोन, बाकावर झोपली'. मंगळवारी तर घास तोंडात तसाच धरून झोपली. वहिनींचं म्हणणं, इतक्या वर्षांनी मेंदूला विश्रांती मिळतेय. मला ती विश्रांती वाटत नाही.

डॉक्टरांना तेलाचं सांगितलेलं नाही. ओरडतील, केस सोडतील अशी दादाला भीती. पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे. ही झोप तेलाची की आणखी कशाची? फिट्स खरंच तेलाने कमी झाल्या का? आणि एवढं देणं जास्त होतंय का?

गांजा चांगला की वाईट हा वाद कृपया इथे नको. कायदा देशागणिक वेगळा, तोही सोडून द्या.

मधली सुट्टी:

वाचतोय. घास तोंडात धरून झोपली हे वाचून धस्स झालं. ठसका लागू शकतो हो.

गोळ्यांचा डबा:

मी औषधशास्त्रातला आहे, मुलांचा डॉक्टर नाही. आधी कामाचं सांगतो. आजच डॉक्टरांना फोन करा, पाच आठवडे थांबू नका. आणि तोवर घरच्या घरी काहीही कमी किंवा बंद करू नका. क्लोबाझम एकदम तोडलं तर फिट्स उसळतात, एकामागून एक लागू शकतात. मुलगी हाक मारून नीट जागी होत नसेल किंवा श्वास संथ वाटला, तर फोनही नको, थेट इस्पितळ गाठा. झोपेत असताना भरवू नका.

आता झोपेचं. क्लोबाझम लिव्हरमध्ये गेलं की त्याचा दुसरा एक पदार्थ होतो, नॉरक्लोबाझम. तोही फिट्स दाबतो आणि तोही गुंगी आणतो. शरीराबाहेर जाण्यासाठी त्याला सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम लागतं, आणि सीबीडी नेमकं तेच अडवतं. नळ पूर्वीइतकाच सुरू आहे, पण मोरी तुंबली आहे. रक्तात नॉरक्लोबाझम सुमारे तिप्पट होतं. म्हणजे तुम्ही क्लोबाझमचा डोस वाढवलेला नाही, तरी तिच्या शरीराच्या हिशेबाने तो वाढला आहे.

त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवघड होतं. रेघा ३० वरून २० वर आल्या त्या सीबीडीमुळे की वाढलेल्या नॉरक्लोबाझममुळे? हा नुसता तुमच्या घरचा प्रश्न नाही, तज्ज्ञांमध्येही यावर बराच खल झाला. सीबीडीचं शुद्ध औषध एपिडायोलेक्स अमेरिकेत २०१८ मध्ये लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्राव्हे (हाही लहान मुलांच्या मिरगीचा गंभीर प्रकार) या दोन आजारांसाठी मंजूर झालं, तेव्हा क्लोबाझमची अट नव्हती. युरोपने २०१९ मध्ये त्याच दोन आजारांसाठी मंजुरी दिली ती मात्र 'क्लोबाझमच्या जोडीने' अशी. क्लोबाझम नसलेल्या मुलांमध्येही सीबीडीचा गुण दिसतो, पण जोडीत जास्त दिसतो, असं माझं वाचन आहे.

आणि व्हॅल्प्रोएटचं विसरू नका. सीबीडीसोबत ते असलं की लिव्हरची एन्झाइम्स चढण्याचा धोका सगळ्यात जास्त. इथे गंमत अशी, की व्हॅल्प्रोएटची रक्तातली पातळी नॉर्मल येते. ती नॉर्मल आली म्हणून गाफील राहिलात तर फसाल, एएलटी-एएसटी ही लिव्हरची एन्झाइम्स वेगळी बघावी लागतात.

हिरवा कंदील:

इतकं घाबरवू नका त्यांना. वनस्पती आहे, रसायन नाही. १८३९ मध्ये कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने तान्ह्या बाळाची आकडी गांजाच्या अर्काने थांबवल्याचं लिहून ठेवलंय. तेव्हा कुठे होती एन्झाइम्स? माझ्या मते उलट शुद्ध सीबीडीपेक्षा पूर्ण झाडाचा अर्क चांगला, सगळे घटक एकमेकांना सांभाळून घेतात. झोप येतेय तर येऊ द्या, फिट्स कमी झाल्या ना?

गोळ्यांचा डबा:

एन्झाइम्स तेव्हाही होती, आपल्याला माहीत नव्हती इतकंच.

ओशॉनेसींचा मान राखून सांगतो. बाटलीत नेमकं काय आहे हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. सीबीडीची रेणूरचना उलगडली १९६३ मध्ये आणि टीएचसी, म्हणजे गांजातला नशेचा घटक, शुद्ध स्वरूपात वेगळं निघालं १९६४ मध्ये, दोन्ही वेळा इस्रायली रसायनशास्त्रज्ञ मेशुलम आणि त्यांचे सहकारी. दोन्ही रेणूंचं सूत्र अगदी तेच, २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. फरक फक्त जोडणीत. टीएचसीत ऑक्सिजनसकट एक जादा कडं बंद झालेलं असतं, सीबीडीत ते उघडं राहतं. एवढ्याशा फरकाने टीएचसी मेंदूतल्या सीबी१ रिसेप्टर नावाच्या खाचेवर नीट बसतं आणि नशा आणतं, सीबीडी तिथे जेमतेम टेकतं. 'सगळे घटक एकत्र' म्हणजे ९ वर्षांच्या मुलीला टीएचसीही देणं. वाढत्या मेंदूला ते नको, आणि झोप तर त्यानेही येते.

भुकेचंही तसंच. गांजाने भूक लागते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती टीएचसीची करामत. सीबीडीच्या औषधाने या मुलांची भूक कमी होते, जुलाब होतात, वजन उतरतं. उंबरठा, वहीतला चौथा रकाना काय म्हणतो?

उंबरठा:

आत्ता बघितलं. दोन आठवड्यांपासून 'अर्धं ठेवलं' जवळजवळ रोज. झोपेमुळे असेल असं आम्ही धरलं होतं.

डोसबद्दल कुणी सांगेल का? मी हिशेब केला तो असा: १५०० भागिले ३०, म्हणजे १ मिलीत ५० मि.ग्रॅ. दोनदा मिळून १००. बरोबर?

जागरण:

माझा मुलगा याच आजाराचा, आता १३ वर्षांचा, एपिडायोलेक्सवर आहे. तुमचा भागाकार बरोबर आहे, पण भाजक-भाज्याच्या आधीच चूक आहे. 'हेम्प एक्स्ट्रॅक्ट १५०० मि.ग्रॅ.' म्हणजे सीबीडी १५०० मि.ग्रॅ. नव्हे. एक्स्ट्रॅक्टमध्ये सीबीडी निम्मं असेल, पाव असेल, काहीही असेल. नुसतं बियांचं तेल असेल तर त्यात सीबीडी नसल्यातच जमा. तुमच्या बाटलीत काहीतरी आहे हे मात्र झोपेवरूनच कळतंय.

क्षणभर धरून चालू की सगळं सीबीडीच आहे. मग पहिले दोन आठवडे, थेंब साधारण अडीच मि.ग्रॅ.चा धरला तर दिवसाला २५ मि.ग्रॅ. झाले, किलोमागे सव्वा. औषधाची सुरुवातच मुळी किलोमागे रोजचे ५ मि.ग्रॅ., दोन वेळांत विभागून. म्हणजे तिच्यासाठी १००. आठवड्याने बघून १० पर्यंत नेतात, गरज पडली आणि सोसलं तर २० पर्यंत. म्हणून कागदावरच्या ५ थेंबांनी काही होणार नव्हतं, आणि ड्रॉपर भरल्यावर तुम्ही नकळत औषधाच्या पहिल्या पायरीवर गेलात. फक्त रक्त न तपासता.

'खरंच गुण येतो का' यावर: लेनॉक्स-गॅस्टॉच्या २२५ रुग्णांवर चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. कोसळण्याच्या फिट्स २० च्या डोसने साधारण ४२ टक्क्यांनी घटल्या, १० च्या डोसने ३७. पण नुसतं खोटं औषध घेणाऱ्यांच्याही १७ टक्क्यांनी घटल्या! म्हणून वहीतल्या सगळ्या घटीचं श्रेय बाटलीला देऊ नका. आम्हीही सुरुवातीला दिलं होतं. नंतर लक्षात आलं, चांगल्या आठवड्यात रेघा मारायला आपण उत्साहात असतो आणि बारीकसारीक फिट्स सोडून देतो.

आणखी एक. सीबीडी उपाशीपोटी फार कमी शोषलं जातं. स्निग्ध जेवणासोबत तेच चार-पाच पट शोषलं जातं. एक दिवस जेवणाआधी, एक दिवस जेवणानंतर असं केलंत तर डोस रोज बदलल्यासारखंच. आमच्याकडे दोन्ही वेळा ठरलेल्या, जेवण झाल्या झाल्या.

डॉक्टरांचं म्हणाल तर, आमचे चिडले होते. तेल दिलं म्हणून नव्हे, दोन महिने लपवलं म्हणून. वही घेऊन जा. कमी बोलावं लागतं.

पाऊलवाट:

थोडं विषयाबाहेर, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून. आईच्या केमोच्या उलट्यांसाठी हेच तेल चालेल का? ती रक्त पातळ करायची गोळी, वॉरफरिन, घेते.

गोळ्यांचा डबा:

पाऊलवाट, वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन. थोडक्यात, केमोच्या उलट्यांवर ज्याचा पुरावा आहे ते सीबीडी नव्हे, टीएचसीच्या जातीची औषधं: ड्रोनाबिनॉल, नॅबिलोन. ड्रोनाबिनॉल १९८५ पासून आहे. तेही नेहमीची उलटीची औषधं पुरली नाहीत तरच. वयस्कर माणसांना चक्कर येते, रक्तदाब उतरतो, तोल जाऊन पडतात. वॉरफरिनसोबत सीबीडी घेतलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) चढून रक्तस्राव होऊ शकतो. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नको. आणि उलट्यांचं औषध म्हणून मिरवणारा हाच गांजा वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना न थांबणाऱ्या उलट्या लावतो. गरम पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, त्यावरूनच डॉक्टर बऱ्याचदा ओळखतात.

उंबरठा, त्या तेलाचा बॅचचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागवा. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती हे दोन आकडे हवेत. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकत घेतलेली सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली होती. लेबलाप्रमाणे निघाली फक्त २६. १८ मध्ये टीएचसी सापडलं.

हिरवा कंदील:

ठीक आहे, टीएचसीचा मुद्दा मान्य. मुलांच्या बाबतीत मी घाईने लिहिलं. मोठ्यांच्या दुखण्याबद्दल माझं मत तेच आहे, पण ते दुसऱ्या धाग्यावर.

उंबरठा:

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगतो.

काल रात्री दादाला हा धागा वाचायला दिला. तो काही बोलला नाही, सकाळी स्वतःच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुपारीच बोलावलं. ओरडले नाहीत. वही मागून घेतली आणि बराच वेळ तिसरा रकाना बघत बसले. मग त्यांनीच विचारलं, "क्लोबाझम चालू असताना हे दिलंत?" गोळ्यांचा डबा, तुमची मोरी मला तिथेच आठवली.

रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी आला. व्हॅल्प्रोएटची पातळी नॉर्मल. एएलटी वरच्या मर्यादेच्या सव्वादोन पट. घाबरण्याइतकं नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही, असं म्हणाले. क्लोबाझम आत्ता कमी करायचं नाही, कारण तेल थांबलं की अडलेला निचरा सुरू होऊन पातळी आपोआप उतरेल. दोन्ही एकदम उतरलं तर पंचाईत. तेल आठवडाभरात पायरीपायरीने बंद. फिट लांबली तर द्यायचं औषध घरात हाताशी ठेवायचं. एएलटी पुन्हा बघायचं, ते उतरलं की सीबीडीचं खरं औषध सुरू करण्याचा विचार, किलोमागे रोजच्या ५ नेच, आणि तेव्हा झोप वाढली तर क्लोबाझम कमी करतील. वहिनींना वाईट वाटलं, पण 'खरं औषध' हा शब्द ऐकून थोड्या सावरल्या.

आणि तेलाचा रिपोर्ट. मावसभावाने विकणाऱ्याकडून फोनवर मागवला. सीबीडी ठीकठाक, टीएचसी 'आढळले नाही', खाली सही-शिक्का. दादा खूश झाला. मी बाटली उलटी करून तळाचा बॅच नंबर वाचला. रिपोर्टवरचा वेगळाच आहे, आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची.

जागरण, औषध सुरू झालंच तर एका वेळेला ५० मि.ग्रॅ. म्हणजे अर्धा मिली होईल असं डॉक्टर म्हणाले. एवढंसं तुम्ही कशाने मोजता?

जागरण:

१ मिलीच्या तोंडाने द्यायच्या सिरिंजने. बाटलीसोबत ५ मिलीची मोठी आली तर ती लहान डोससाठी वापरू नका, रेघ चुकते. औषध १ मिलीला १०० मि.ग्रॅ. असतं, म्हणून अर्धा मिली बरोबर. तिळाच्या तेलात असतं, तिला तिळाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. आणि पूर्ण जागी असतानाच.