दयाळ आणि गोड्या पाण्यातील कोळंबी: वर्गीकरण व संवर्धनस्थिती

ऐरोलीकर:
नववीच्या मुलांसाठी मी एक तक्ता तयार करीत आहे. त्यात सोसायटीच्या आवारात गाणारा दयाळ, म्हणजे कॉप्सिकस सॉलॅरिस, आणि गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, यांची तुलना करावयाची आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे प्रजाती नामशेष होण्याचा धोका किती हे दाखवणाऱ्या यादीत, दोघांचीही नोंद 'किमान चिंता' या श्रेणीत आहे. मग दोन्ही प्रजाती सारख्याच सुरक्षित आहेत, असे मुलांना सांगावे काय?

येऊरचा वाटसरू:
प्रथम वर्गीकरण. दोघांतील साम्य प्राणिसृष्टीपाशीच संपते, कारण दयाळ समपृष्ठरज्जू संघातील पक्षिवर्गात मोडतो, तर कोळंबी संधिपाद संघातील कवचधारी आहे. दयाळाचा गण पॅसेरिफॉर्मीस. कोळंबीचा डेकॅपोडा, म्हणजे खेकड्यांचाच. जुन्या पक्षिपुस्तकांत दयाळ कस्तुरांच्या कुलात दाखवलेला आढळेल. आता तो माशीमारांच्या मस्किकॅपिडी कुलात गणला जातो. कोळंबीचे कुल पॅलेमोनिडी.

खाडीकाठचा:
श्रेणी एक असली तरी 'सारख्याच सुरक्षित' असे लिहू नये. लाल यादी प्रजातीचा जागतिक विचार करते; सिंगापूरमध्ये पिंजऱ्यासाठी झालेल्या धरपकडीमुळे दयाळ एके काळी जवळजवळ दिसेनासा झाला होता, तरी त्याची जागतिक श्रेणी बदलली नाही. कोळंबीचे दुखणे वेगळेच आहे. तिची अंडीधारी मादी नदीतून खाडीकडे उतरते, पिल्ले मचूळ पाण्यातच वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर चढतात; म्हणून मध्ये बंधारा आला की जीवनचक्रच तुटते. शिवाय ती शेततळ्यांत मोठ्या प्रमाणावर वाढवली जाते, त्यामुळे बाजारातील ढिगावरून नदीतील संख्येचा अंदाज बांधता येत नाही. (तरी बाजारात ढीग पाहून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात.) मुलांना आणखी एक सांगता येईल: २०१५ मध्ये गोड्या पाण्यातील कोळंब्यांच्या ७६३ प्रजातींचे जागतिक मूल्यमापन प्रसिद्ध झाले, त्यात दोन प्रजाती नामशेष आणि दहा बहुधा नामशेष ठरल्या, तर जवळपास एक तृतीयांश प्रजाती संकटग्रस्त किंवा संकटाच्या उंबरठ्यावर आढळल्या. तेव्हा या एका प्रजातीवरून साऱ्या गटाविषयी निष्कर्ष काढू नये.

येऊरचा वाटसरू:
कायद्याचा रकाना स्वतंत्र ठेवावा. दयाळ पकडून पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार गुन्हा आहे. ही कोळंबी मात्र बाजारात खुलेआम किलोवर विकली जाते.

ऐरोलीकर:
आभारी आहे. श्रेणीच्या रकान्यापुढे 'धोक्याचे कारण' हा रकाना जोडतो आणि दयाळाचे कुल मस्किकॅपिडी असेच लिहितो.