बेरांजे शेवटी उरतो, म्हणून तो नायक?

तिसरी घंटा:
नाटककार आयनेस्कोच्या 'ऱ्हायनोसेरॉस' (१९५९) ह्या, माणसांचे एकेक करून गेंडे होत जाणाऱ्या नाटकाचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: अख्खं गाव गेंडा झालं, एकटा बेरांजे ठाम राहिला. मला हे अजिबात पटत नाही. शेवटचं स्वगत वाचा. प्रेयसी डेझी निघून गेल्यावर तो आरशात बघतो, कपाळाला शिंग नाही म्हणून हळहळतो, त्यांच्यासारखं ओरडायचा प्रयत्न करतो. जमत नाही. मग म्हणतो, मी शरण जाणार नाही! गेंडा होता आलं नाही म्हणून माणूस राहिला. ह्यात निर्धार कुठे आहे?

विंगेतून:
मोह झाला म्हणून नकार खोटा ठरतो का हो? तिसाच्या दशकात रुमानियात आयर्न गार्ड ह्या फॅसिस्ट संघटनेकडे ओळखीतले शिकलेसवरलेले लोक एकेक करून वळताना आयनेस्कोने पाहिले होते. ते बघितलेला लेखक मोहच न होणारा माणूस कशाला लिहील? आणि बेरांजेच्या ऑफिसातला दुदार बघा. टीका करायची तर आत राहून करावी, म्हणतो आणि जातो. तिथलाच बोतार आधी सगळं थोतांड म्हणतो, नंतर काळाबरोबर चालायला हवं म्हणून जातो. ज्याच्याकडे तयार युक्तिवाद आहे तो गेला. बेरांजेकडे एकही धड युक्तिवाद नाही, तरी तो नाहीच म्हणतो. मला तर हीच नाटकातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

नेपथ्य:
बेरांजेचा मित्र जाँ, त्याला विसरू नका. पहिल्या अंकात तो बेरांजेला टाय नाही, दाढी नाही, रात्रीची उतरलेली नाही म्हणून झापतो. दुसऱ्या अंकात तोच बाथरूममधून दर खेपेला जास्त हिरवा होऊन येतो, कपाळावरचं टेंगूळ वाढत जातं. १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये झीरो मॉस्टेल ह्या नटाने जाँचा हा बदल मुखवट्याशिवाय, निव्वळ शरीर आणि आवाजावर उभा केला आणि टोनी पुरस्कार मिळवला. शिस्तीचा माणूस आधी जातो. बेरांजे माणसांच्या चौकटीतही कधी बसला नव्हता, गेंड्यांच्या कसा बसेल? माझं मत तिसरी घंटाकडे. हा स्वभाव आहे, निर्णय नव्हे.

विंगेतून:
नुसता स्वभाव असता तर तो दार लावून पीत बसला असता. पहिल्या अंकातला बेरांजे तेच करणारा आहे. शेवटचा बेरांजे बंदूक मागतो.